एफटीए कार्ड: मृताचा डीएनए जपायला मराठवाड्यात कितपत कामाचं?

एफटीए कार्ड म्हणजे रक्ताचा थेंब वाळवून त्यातला डीएनए जपणारा, रसायनं मुरवलेला कागद. त्याचा निकाल आधीच सांगून टाकतो. मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत, पातळ रक्तावर आणि नीट वाळवून वापरलं, तर आपल्या हवामानात एफटीए कार्डाइतकं सोपं आणि भरवशाचं साधन दुसरं नाही. बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही, रात्रभर लाइट गेली तरी नमुन्याचं काही बिघडत नाही. कुजलेल्या, जळालेल्या किंवा मातीतून उकरलेल्या देहासाठी मात्र हे कार्ड घेऊन काही उपयोग नाही. तिथं खोल स्नायू, हाड, दात किंवा नख हेच घ्यावं लागतं. कार्डाबद्दल ज्या तक्रारी कानावर येतात त्यांतल्या बऱ्याच मुळात कार्डाच्या नसतातच, त्या उशिराच्या आणि ओलाव्याच्या असतात.

वस्तू दिसायला साधी आहे. जाड टीपकागदासारखा कागद, त्यावर दुमडून बसणारं पुठ्ठ्याचं झाकण आणि कागदावर छापलेली चार वर्तुळं. एका वर्तुळात १२५ मायक्रोलीटर रक्त मावतं, म्हणजे ड्रॉपरचे दोन मोठे थेंब आणि वर थोडंसं. चार वर्तुळं मिळून अर्धा मिली. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातले शास्त्रज्ञ ली बर्गोइन यांनी या कागदाचं तंत्र शोधलं, आणि नावातला पहिला ‘एफ’ त्या फ्लिंडर्सचाच. बाजारात ते व्हॉटमन या नावानं मिळतं. लाळेसाठी याचाच एक गुलाबी प्रकार येतो. लाळेला रंग नसल्यामुळे ती कागदावर कुठं लागली ते कळत नाही, म्हणून जिथं लाळ पोचते तिथं गुलाबी रंग जाऊन कागद पांढरा पडतो.

खरी किंमत कागदाची नाही, कागदात मुरवलेल्या रसायनांची आहे. त्यात पेशींची आवरणं फोडणारं डिटर्जंट आहे. ईडीटीए आहे, जे धातूंचे आयन धरून ठेवतं, आणि डीएनए कापणाऱ्या विकरांना नेमके तेच आयन लागतात. आम्लता वाढू न देणारा क्षार आहे. ऑक्सिडीकरणाची झळ स्वतःवर घेणारं युरिक आम्ल आहे. रक्त कागदावर पडलं की पेशी फुटतात, जिवाणू-विषाणू बहुतांशी निकामी होतात आणि सुटा झालेला डीएनए कागदाच्या तंतूंत अडकून बसतो. साध्या फिल्टर पेपरवर किंवा गॉजवर यातलं काहीच घडत नाही. तिथं रक्त नुसतं वाळतं, आणि पुन्हा ओल लागली की कुजणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू होतं.

हे सगळं कशासाठी, ते कळायला देहात काय चाललेलं असतं ते बघावं लागतं. श्वास थांबला म्हणून डीएनए संपत नाही. थांबते ती त्याची डागडुजी. जिवंत पेशीत डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते आणि पेशी ती दुरुस्त करत राहते. प्राणवायू बंद झाला की पेशीची ऊर्जा संपते, दुरुस्ती थांबते आणि मोडतोड तेवढी चालू राहते. त्यातला पहिला घाव घरातलाच असतो. पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या फुटतात आणि पचनाची विकरं मोकळी होऊन स्वतःच्याच डीएनएचे तुकडे पाडू लागतात. स्वादुपिंड आणि यकृत अशा विकरांनी भरलेले अवयव लवकर हातचे जातात, मांडीचा खोल स्नायू बराच उशिरा, हाड आणि दात सगळ्यांत शेवटी. दुसरा घाव आतड्यातल्या जिवाणूंचा. तिसरा पाण्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो: पाण्यामुळे डीएनएच्या साखळीतून अक्षरं (म्हणजे तिचे रासायनिक घटक) गळतात, सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल होतं आणि कण्याला चिरा पडतात.

उष्णता या तिन्ही घावांचा वेग वाढवते. तापमान १० अंशांनी चढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं होतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या देहाभोवती याहून जास्त असतो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला येणाऱ्या हिरवट डागाची वेळ उन्हाळ्यात १२ ते १८ तास आणि थंडीत एक ते दोन दिवस अशी दिलेली असते. तो डाग दिसला की रक्ताचा भरवसा संपत आला असं समजावं. कार्ड झालेलं नुकसान भरून काढत नाही. ज्या क्षणी रक्त त्यावर पडलं त्या क्षणी डीएनए जितका धड होता, तितकाच तो पुढं राहतो.

आता वापर. रक्त शक्यतो जांघेतल्या मोठ्या शिरेतून घ्यावं. मरणोत्तर तपासणी असेल तर हृदयातूनही घेतात, पण छाती-पोट उघडल्यावर आतड्यातलं काही तिथं मिसळलं तर नमुना वाया जातो. सुईनं काढलेलं रक्त थेट कार्डावर सोडलं तरी चालतं, किंवा आधी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत घेऊन मग सोडावं. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची बाटली वापरू नये, कारण हेपॅरिन पुढच्या पीसीआर प्रक्रियेत, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्यात, अडथळा आणतं. थेंब वर्तुळाच्या मध्यापासून सुरू करून गोल फिरवत बाहेर न्यावेत. एकाच जागी डबकं करू नये, आणि सुईनं किंवा बोटानं पसरवू तर अजिबात नये.

मृताचं रक्त अनेकदा गोठलेलं असतं, आणि इथंच सर्वात मोठी चूक होते. गुठळी कार्डावर चोळली की वरच्या बाजूला लालकाळी पापडी जमते. ती कागदात मुरत नाही, रसायनं तिच्या आतपर्यंत पोचत नाहीत आणि आतला भाग तसाच कुजतो. दोन दिवसांनी कार्ड झाडलं की पापडी पाकिटात गळून पडलेली. गुठळी बाजूला ठेवून तिच्याभोवतीचं पातळ रक्तच घ्यावं. तेही मिळत नसेल तर कार्डाचा नाद सोडून स्नायू किंवा नख घ्यावं.

वाळवणं हा या वस्तूचा प्राण आहे. कंपनी साध्या खोलीच्या तापमानाला किमान एक तास सांगते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेवढा पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये, भिंतींना ओल आलेली असताना, तीन-चार तास द्यावेत आणि शक्य असेल तर रात्रभर पंख्याखाली ठेवावं. पापड-कुरडया उन्हात वाळतात, कार्ड सावलीतच वाळवायचं. उन्हातले अतिनील किरण डीएनएच्या शेजारशेजारच्या अक्षरांना एकमेकांत चिकटवतात. हेअर ड्रायर, हीटर किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवणं तर त्याहून वाईट: कृत्रिम उष्णतेनं वाळवलं की कागदातल्या रसायनांना आपलं काम करायला सवड मिळत नाही आणि रक्तातलं हिमोग्लोबिन कागदाला असं घट्ट धरतं की प्रयोगशाळेत धुऊनही निघत नाही. हे हिमोग्लोबिनच पुढं पीसीआर अडवतं. झाकण मिटायचं ते कागद पूर्ण वाळल्यावर. ओलं असताना मिटलं तर रक्त झाकणाला लागतं आणि त्या जागेचा हिशेब बिघडतो.

वाळलेलं कार्ड कागदी पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि त्यावरून ओल न शिरू देणारं पाकीट. सिलिका जेल रंग बदलणारं घेतलं तर बरं, पुडी कधी बदलायची ते दिसतं. ओलसर कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं तर बुरशी धरते. ‘प्लास्टिकमध्ये सुरक्षित राहील’ ही समजूत इतकी घट्ट आहे की सूचनापत्रात लाल अक्षरांत छापूनही लोक तेच करतात. कार्डावर नाव, वय, तारीख, वेळ आणि रक्त कुठून घेतलं ते लिहावं, आणि ते रक्त लावायच्या आधीच. लावल्यावर लिहायला बसलं की तळहात वर्तुळावर टेकतोच.

हातमोजे नवे घालावेत. इथं एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. परक्या माणसाचा डीएनए मिसळला तर प्रयोगशाळेला ते चटकन दिसतं, कारण ओळख पटवायला डीएनएवरच्या ज्या ठरावीक खुणा आकड्यांत मोजतात, त्या प्रत्येकीवर अनोळखी आकडे येतात. पण मुलगा, भाऊ किंवा आई यांचा मिसळला तर अर्धे आकडे मृताचेच असतात. मिश्रण ओळखू येणं अवघड जातं, आणि ज्या नात्यासाठी तपासणी चालली आहे त्याच नात्यात गोंधळ होतो. म्हणून रक्त घेताना, कार्ड धरताना आणि वाळवताना वारसापैकी कुणीही जवळ नसावं. रडताना, बोलताना उडालेली लाळही पुरेशी असते.

कार्डाची क्षमता किती, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. एका मायक्रोलीटर रक्तात चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि डीएनए असतो तो त्यांच्यात. लाल पेशींत केंद्रक नसतं. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए धरला, तर भरलेल्या एका वर्तुळात काही मायक्रोग्रॅम बसतो. तपासणीला एक नॅनोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी पुरतो. प्रयोगशाळेत १.२ मिलिमीटर व्यासाची टिकली पंचानं कापतात. ती कार्डाच्या खास द्रावणानं तीनदा आणि सौम्य बफरनं दोनदा धुतात, वाळवतात आणि टिकलीसकट पीसीआरमध्ये टाकतात. एका वर्तुळातून अशा शेकडो टिकल्या निघतात. फेरतपासणी मागितली, दुसऱ्या पक्षाला वेगळ्या लॅबकडे जायचं झालं, तर उरलेलं कार्ड तसंच हाती असतं. बाटलीतल्या रक्ताच्या बाबतीत हे सुख नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये पंच साफ करण्यासाठी कोऱ्या कागदाच्या टिकल्या कापून टाकायच्या असतात. हा नियम टाळला तर आधीच्या माणसाचा डीएनए पुढच्यात जातो.

बाटलीशी तुलना करायचीच तर अशी. ईडीटीए बाटलीतलं रक्त ४ अंशांवर काही दिवस चांगलं राहतं, गोठवलं तर पुष्कळ महिने. पण तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला, तिथून प्रयोगशाळेला जाताना थंडी सलग टिकली पाहिजे. बर्फाचा डबा वाटेत उघडला, लाइट गेल्यावर फ्रीजरमधलं रक्त वितळून पुन्हा गोठलं, की दर खेपेला डीएनएचे तुकडे वाढतात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत, पण भूम, पाटोदा किंवा किनवटहून तिथं पोचेपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. शिवाय मुद्देमाल पोलीस ठाण्यातून निघायलाच वेळ लागतो. कार्ड तिथं सरळ जिंकतं. बाटलीही सोबत द्यायला हरकत नाही, पण फक्त बाटलीवर विसंबू नये.

तोंडातला बोळा, म्हणजे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना, मृताच्या बाबतीत पहिल्या काही तासांपुरताच ठीक. पुढं तोंड कोरडं पडतं आणि जिवाणू वाढतात. आपल्याकडे मृताच्या तोंडात तुळशीपान आणि गंगाजल घालतात. बोळा त्याआधी घ्यावा, नंतर घेतला तर घालणाऱ्याच्या बोटांचाही अंश येतो. दोन्ही गालांचे वेगळे बोळे, प्रत्येकी अर्धा मिनिट घासून, आणि कागदी पाकिटात सुके.

आता कार्ड जिथं चालत नाही तो भाग. विहिरीत दोन दिवस राहिलेला देह, उन्हात पडून फुगलेला देह: यांचं रक्त काळसर पातळ झालेलं असतं. कार्डावर ते मुरतं, डाग छान दिसतो, आणि अहवाल अर्धवट येतो. कारण असं: ओळख पटवण्याच्या खुणा, ज्यांना एसटीआर म्हणतात, १०० ते ४५० अक्षरांच्या तुकड्यांवर मोजतात. डीएनए तुटत गेला की लांब खुणा आधी गायब होतात, आखूड टिकतात. स्त्री-पुरुष ओळखणारी खूण जेमतेम ११० अक्षरांची असल्यामुळे ती बऱ्याचदा शेवटपर्यंत तग धरते. म्हणून ‘पुरुष, बाकी निष्कर्ष नाही’ अशा छापाचे अहवाल येतात. त्यात कार्डाचा दोष काढून उपयोग नाही.

अशा वेळी आपत्तीतल्या मृतांच्या ओळखीसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी घालून दिलेली वाट बरोबर आहे. कुजायला लागलेल्या देहातून मांडीतला खोल, अजून लाल असलेला स्नायू, एक ग्रॅम. तोही नसेल तर मांडीच्या हाडाच्या मधल्या टणक भागातला चार ते सहा सेंटिमीटरचा काप, किंवा इतर टणक हाडांचे मिळून दहा ग्रॅम. किंवा किडलेली नाही, भरलेली नाही अशी दाढ. जळालेल्या देहात मूत्राशयाच्या आतून घेतलेला बोळा कधीकधी अनपेक्षितपणे कामी येतो, कारण आतली ओलसर पिशवी उशिरा जळते. कवटीत कानामागं असलेलं दगडासारखं टणक हाड जुन्या सांगाड्यांत सर्वांत जास्त डीएनए सांभाळून ठेवतं.

नख हा गरिबाचा फ्रीजर. पायाच्या अंगठ्याचं नख जाड असतं, केराटिनच्या आवरणात पेशींचे अवशेष बंद असतात आणि जिवाणूंना ते सहज फोडता येत नाही. स्वच्छ नेलकटरनं कापून कागदी पाकिटात घातलं की झालं. पाण्यातल्या देहासाठी कार्डापेक्षा हे शंभरदा बरं. केसाबद्दल गैरसमज आहे. कापलेल्या केसात केंद्रकातला डीएनए जवळपास नसतोच, मुळासकट उपटलेला लागतो. नुसत्या केसातून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा) डीएनए मिळू शकतो, पण तो आईकडून येतो. म्हणजे आई, मामा, मावशी, भावंडं यांच्याशी जुळवता येतं, बापाशी नाही.

फॉर्मालिनचा इशारा ठळक द्यावा लागेल. स्नायू किंवा कुठलाही अवयव डीएनएसाठी फॉर्मालिनमध्ये टाकू नये. ते प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जखडून टाकतं आणि साखळी तोडतं. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी फॉर्मालिनमध्ये, आणि गडबडीत डीएनएची बरणीही त्याच रांगेत भरली जाते. स्नायू तसाच गोठवावा किंवा तीव्र अल्कोहोलात ठेवावा.

पुरलेल्या देहांचा प्रश्न मराठवाड्यात वारंवार निघतो. मुस्लिम दफनभूमी आहेत, आणि लातूर-धाराशिव-नांदेडच्या लिंगायत समाजात समाधीची रीत आहे. देह उकरायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते आपल्या मर्जीनं करायचं काम नव्हे. माती इथं दुधारी आहे. काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिचा गुण अल्कधर्मी, त्यामुळे हाडाचं खनिज आम्लधर्मी मातीपेक्षा चांगलं टिकतं. पण हीच माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीची ही ओल-सुकी हाडाला मानवत नाही. मातीतली ह्यूमिक द्रव्यं (पालापाचोळा कुजून बनलेली) तपासणीत अडथळा आणतात, म्हणून हाडाचा वरचा थर घासून टाकून आतलाच भाग दळतात. हाड जागेवर धुऊ नये आणि ब्लीच तर लावूच नये. माती झाडून, सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून पाठवावं.

डीएनए हजारो वर्षं टिकतो असं जाहिरातीत वाचलं असेल. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४२ अक्षरांच्या तुकड्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मे तुकडे मोडायला लागणारा काळ, ५२१ वर्षं निघालं होतं. ते १३ अंशांच्या आसपासच्या जमिनीतलं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचं. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२२ मध्ये वाचला गेला, तोही बर्फाच्या कृपेनं. हिंगोलीच्या मातीला हे आकडे लावून कुणी डीएनए जपायची ‘तिजोरी’ विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

त्यावरून खासगी घरपोच संचांकडे येऊ. यात सहसा दोन-चार कापसाच्या काड्या, एक पाकीट, एक फॉर्म आणि मनःशांतीचं आश्वासन असतं. काही सेवा तर अस्थींच्या राखेतून डीएनए काढून लॉकेटात घालून देण्याचा दावा करतात. चितेची राख म्हणजे मुख्यतः लाकडाची राख आणि हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट. सेंद्रिय भाग जळून गेलेला असतो. सावडताना हाती येणारे तुकडे रंगावरून ओळखता येतात. पिवळट-तपकिरी म्हणजे आच कमी लागलेली, तिथं आशा आहे. काळा म्हणजे कोळसा झालेला, क्वचित काही मिळतं. राखाडी किंवा खडूसारखा पांढरा म्हणजे डीएनएच्या दृष्टीनं काहीच नाही. जबड्यात घट्ट बसलेल्या दाढेचं मूळ कधीतरी वाचतं. अस्थी पैठणला किंवा गंगाखेडला गोदावरीत सोडण्याआधी त्या तपासायला पाठवून खर्च करण्यात अर्थ आहे तो फक्त असा न जळालेला तुकडा खरोखर दिसत असेल तर.

घरपोच संचाची दुसरी अडचण कायद्याची. सातबाऱ्यावरची वारस नोंद, दुसऱ्या लग्नाचा वाद, अपघात विम्याचा दावा: कुटुंबं याच कारणांसाठी विचारतात. नमुना कुणी घेतला, कुणासमोर घेतला, तो कुणाकडे किती वेळ होता, सील कधी फुटलं, या साखळीत एक कडी तुटली की समोरचा वकील तीच धरतो. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूत पोलिसांची आकस्मिक मृत्यूची नोंद असते, मरणोत्तर पंचनामा होतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर नमुना घेऊन सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात देतात. ही वाट खासगी संचापेक्षा कितीतरी भक्कम. घरी नैसर्गिक मृत्यू झाला असेल तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून रक्त घ्यावं. वारसाहक्काशी संबंध नसलेले दोन साक्षीदार, घेताना आणि सील करताना काढलेले फोटो, पाकिटाच्या जोडावर सह्या आणि वेळ, एवढं तरी करावं. दोन कार्डं भरून वेगवेगळ्या पक्षांकडे ठेवणं ही सर्वांत शहाणी तोड, कारण मग कुणीच नमुना बदलल्याचा आरोप सहज करू शकत नाही.

तरीही अहवाल म्हणजे निकाल नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार, वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल त्याच पतीचं असं कायदा धरून चालतो. पती-पत्नींना एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती हे सिद्ध केलं तरच ते मोडतं. लहान मुलांची डीएनए तपासणी सरसकट करू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बजावलं आहे. डीएनएसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. २०१९ चं विधेयक जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागं घेतलं गेलं. त्यामुळे मृताचा डीएनए ‘सांभाळून’ ठेवणारी खासगी कंपनी बंद पडली तर नमुन्याचं काय होणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर सही करू नये.

गुण द्यायचे झाले तर: ताज्या रक्तासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पावसाळ्यातल्या वाळवण्याच्या कटकटीसाठी कापला. लाळेसाठीच्या गुलाबी कार्डाला, मृताच्या बाबतीत, तीन. कुजलेल्या देहासाठी एक, तोही पाठवायला सोपं म्हणून. साधा स्वच्छ गॉज सावलीत वाळवून कागदात ठेवला तर त्याला तीन देता येतील, आणि कार्ड नसेल तेव्हा तोच वापरावा. कार्ड येईल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा तो शतपट बरा.

एक मागणी प्रशासनाकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली आणि कित्येकांना सामूहिक अग्नी द्यावा लागला. त्या काळी डीएनए तपासणी देशात नुकतीच, हैदराबादला डॉ. लालजी सिंग यांच्या हाताखाली, रुजत होती आणि अशा कार्डांचा प्रश्नच नव्हता. आज प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती साहित्यात ही कार्डं, सिलिका जेल, कागदी पाकिटं आणि शिसपेन्सिली ठेवणं अजिबात महागाचं नाही. कार्डांच्या पाकिटावरची मुदत मात्र वर्षातून एकदा तपासली पाहिजे. नसता ऐन वेळी कपाटातून पिवळे पडलेले कागद निघायचे.

ज्यांच्या घरात वेळ निघून गेली आहे, अग्नी झाला आहे, त्यांच्यासाठी अजून जागा उरतात. मृताचा दात घासायचा ब्रश, दाढीचं ब्लेड, कवळी, न धुतलेली टोपी किंवा बनियन. हे प्रत्येक वेगळ्या कागदात, प्लास्टिकमध्ये नाही. पण एकच ब्रश दोघं वापरत असतील तर तो सोडावा. रुग्णालयात कधी गाठ काढली असेल, बायोप्सी झाली असेल, तर मेणात बसवलेला तुकडा तिथल्या पॅथॉलॉजी विभागात वर्षानुवर्षं ठेवलेला असू शकतो. फॉर्मालिनमधून गेल्यामुळे त्यातला डीएनए तुटका असतो, तरी आखूड खुणा निघतात. काहीच नसेल तर मृताचे आई-वडील, किंवा पत्नी आणि मुलं मिळून, यांच्या डीएनएवरून तुलना होते. पुरुषांच्या बाबतीत सख्खा भाऊ, काका, चुलतभाऊ यांच्यावरून वाय गुणसूत्राची तुलनाही होते. ती फक्त बापाकडून आलेलं घराणं सांगते, माणूस नाही. दोन भावांपैकी मुलाचा बाप कोण, हा प्रश्न ती सोडवू शकत नाही. मेणातला तुकडा मागताना मात्र बायोप्सीचा क्रमांक आणि साल सोबत न्यावं. नुसत्या नावावर तो सापडायला वेळ लागतो, आणि तो कुटुंबाच्या हाती न देता थेट प्रयोगशाळेकडे सीलबंद पाठवण्याची विनंती लेखी करावी.